भरतीची पोरं आणि पेटलेला डोंगर

"काकू, ह्याचं सर्टिफिकेट मिळतं का ओ?" त्या पोरानं विचारलं तेव्हा मी बाटलीतलं पाणी त्याच्या हातांवर ओतत होते. उजव्या भुवईचे केस जळून आखडले होते, टी-शर्टवर अकॅडमीचं नाव आणि त्याखाली पळणाऱ्या जवानाचं चित्र, आणि तापलेल्या दगडांवर उभं राहून बुटांचे तळ सुटायला आलेले. शिवरात्र होऊन गेली होती. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या उतारावर संध्याकाळी गवतानं पेट घेतला. आम्ही चालायला जाणाऱ्या बायका घाटाच्या पहिल्या वळणाशी होतो आणि फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं नेहमीसारखी घाट पळत चढत होती. त्यांच्या सरांनी, म्हणजे एका रिटायर्ड हवालदारांनी, शिट्टी मारून त्यांना थांबवलं आणि डोंगराकडं हात केला. बघता बघता सगळी पोरं निरगुडीच्या डहाळ्या मोडून वर चढायला लागली. वर वनखात्याचा एक गार्ड, दोन मजूर आणि हवेचा झोत मारणारा एक ब्लोअर. एवढंच सरकार तिथं हजर होतं.

त्या पोराला कुणी लोभी म्हणू नये. एनसीसीच्या सी सर्टिफिकेटला भरतीत जादा गुण असतात, खेळाच्या सर्टिफिकेटला किंमत असते, माजी सैनिकाच्या मुलाला सवलत असते. साताऱ्यात सतरा-अठराव्या वर्षी ही आकडेमोड पोरांना तोंडपाठ असते. त्यानं फक्त विचारून घेतलं. मी म्हटलं, "नसेल मिळत बहुतेक." तो "बरं" म्हणाला आणि उरलेलं पाणी प्याला. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. नाकात जळक्या गवताचा वास होता, केस धुतले तरी जात नव्हता, आणि "नसेल मिळत" हे उत्तर मी किती सहज देऊन मोकळी झाले तेच डोक्यात फिरत होतं.

वणवा जवळून बघितला नसेल तर वाटतं, आगीवर झोडपलं की ती विझते. तसं नसतं. पोरं सुरुवातीला डहाळी डोक्यावरून आणून दणादण आपटत होती आणि प्रत्येक दणक्याला ठिणग्या उडून मागच्या कोरड्या गवतात पडत होत्या. गार्ड ओरडला, "मारू नका, दाबा! दाबून काळ्या बाजूला ओढा!" काळी बाजू म्हणजे जळून गेलेली. पाय तिथंच ठेवायचे, कारण तिथं पुन्हा जळण्यासारखं काही उरलेलं नसतं. डोंगर चढणाऱ्या जाळाच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, त्याला बगलेनं धरायचं. वारा चढणीला लागला की गुडघ्याएवढा जाळ एका झटक्यात माणसाएवढा होतो. कुसळी गवताचा आवाजही वेगळा, तडतड नाही, एकसलग फरफर. मध्येच एक टिटवी डोक्यावरून ओरडत गोल गोल फिरत होती, आणि दगडाआडून एक ससा निघून थेट पोरांच्या पायांतून खाली पळाला. सगळी एकदम हसली. जाळापुढं उभी राहून तीसेक पोरं हसतायत, हे मी विसरणार नाही.

डोंगर विझवायची सगळी विद्या त्या गार्डकडं होती. माणसं तेवढी उसनी होती.

खाली टपरीवर वेगळंच चाललेलं. दहा-बारा जण मोबाईल उभे धरून शूटिंग करत होते. एक गृहस्थ चहाचा कप हातात धरून म्हणाले, "एवढी फौज पोसतोय आपण, एक हेलिकॉप्टर पाठवायला काय जातंय ह्यांचं?" दुसऱ्यानं लगेच नैनितालची आठवण काढली. बरोबरच होतं त्याचं. एप्रिल २०२४ मध्ये तिथले डोंगर पेटले तेव्हा हवाई दलाच्या एमआय-१७ नं भीमतालचं पाणी बादलीत भरून जंगलावर ओतलं होतं. बांबी बकेट म्हणतात त्या बादलीला. हेलिकॉप्टरखाली दोरांनी लोंबते, एका खेपेला साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी घेते. नागालँड-मणिपूरच्या सीमेवरचं झुकू खोरं २०२१ च्या नव्या वर्षाच्या तोंडावर पेटलं तेव्हाही तीच आली, आणि मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादईचं जंगल धुमसत होतं तेव्हा हवाई दलाबरोबर नौदलही आलं. टीव्हीवर ती बादली उघडते आणि पाण्याचा पदर खाली येतो, तेव्हा घरबसल्या आपल्यालाही बरं वाटतं. मी स्वतः ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितलेत.

पण आमचा डोंगर गवताचा. तो पेटतो आणि दोन-तीन तासांत एका धारेवरून दुसऱ्या धारेवर जाऊन संपतो. मागणी जिल्हाधिकाऱ्यांनी करायची, ती वर जायची, मंजुरी यायची, हेलिकॉप्टर उडायचं, पाणी कुठून उचलायचं ते ठरायचं. (कास तलाव म्हणाल, तर आमच्या नळाला तिथूनच पाणी येतं. ते उपसलेलं बघून हीच टपरी पेटली असती.) तोवर डोंगर काळा होऊन गार पडतो. सूचना देण्यात तशी कसूर होत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहानं टिपलेल्या जाळाचा संदेश थेट मोबाईलवर येतो. गार्डला मी तेच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मेसेज आला तेव्हा मी जाळातच उभा होतो."

"फौज पोसतोय" हे शब्द ऐकून माझ्या घशाशी काहीतरी आलं होतं, कारण आमचं घर फौजेनं पोसलंय. माझे वडील, आबा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. माझी कॉलेजची फी, लग्नातलं जेवण, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या पगारातून आणि नंतर पेन्शनीतून. आमच्या गावापासून अपशिंगे फार लांब नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान गेले आणि इंग्रजांनी तिथं दगड बसवला. गावाच्या नावापुढं आजही मिलिटरी लागतं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. इथं फौज हा वादाचा विषय नसतो. ती घरातली असते, कॅन्टीनच्या साबणासकट.

आणि २०१९ चा ऑगस्ट आहे. धाकटी बहीण सांगलीवाडीत दिलेली. आयर्विन पुलाशी कृष्णा ४५ फुटांवर धोक्याची म्हणतात, त्या आठवड्यात ती ५७ फुटांवर गेली. दोन दिवस बहिणीचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. गच्चीवरून त्यांना बोटीत घेतलं, म्हणाली, आणि बोटीतल्या जवानानं सासूबाईंना उचललं तेव्हा सासूबाई म्हणत होत्या, "अरे बाळा, माझं नऊवारी ओलंय, तुझी वर्दी खराब होईल." राखी पौर्णिमा अजून यायची होती, पण कॅम्पातल्या बायकांनी जवानांना राख्या बांधून टाकल्या. माझी बहीणही त्यात होती. त्याच दिवसांत पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली आणि माणसं गेली. ती नाव फौजेची नव्हती, गावची होती आणि तिच्यात मावतील त्याहून जास्त माणसं बसली होती. फौज पोचायच्या आधी गावाकडं जे होतं, ते तेवढंच होतं. तेव्हा पुराच्या बातम्यांत मी हे दोन प्रसंग वेगवेगळे वाचले. यवतेश्वर पेटल्यापासून ते एकत्रच आठवतात.

आता पैशाचं बोलू. ते बोलल्याशिवाय ह्या विषयाला अर्थ नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. त्यातले १ लाख ६० हजार कोटींच्या वर निव्वळ पेन्शन, म्हणजे आबांसारख्यांचं. त्याच अर्थसंकल्पात केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाला ३,४०० कोटींच्या आसपास मिळाले. राज्यांच्या अग्निशमन दलांचा विस्तार आणि आधुनिकीकरण व्हावं म्हणून केंद्रानं २०२३ मध्ये योजना जाहीर केली, ती अख्ख्या देशासाठी ५,००० कोटींची, तीही एका वर्षाची नाही. हे आकडे शेजारी शेजारी मांडून "बघा!" म्हणणं सोपं आहे आणि थोडं लबाडीचंही. जंगल सांभाळायचा बराच खर्च राज्यं करतात, शहरातला बंब नगरपालिकेचा असतो. शिवाय पहलगामच्या हल्ल्यानंतर, २०२५ च्या मे महिन्यात साताऱ्यातल्या कितीतरी घरांतले फोन रात्रभर उशाशी होते. तेव्हा कुणी येऊन सांगितलं असतं की तोफेचे पैसे काढून डोंगराला द्या, तर मीच त्याला दारात उभं केलं नसतं.

मला खटकतं ते दुसरं आहे. आबांनी नोकरीत प्रत्यक्ष लढाई किती बघितली? फार थोडी. बाकी वर्षं परेड, रायफल साफ करणं, खड्डे खणणं, ते बुजवणं, पुन्हा खणणं. त्या सगळ्या दिवसांचा पगार मिळाला, आणि मिळायलाच हवा होता, कारण लढाई नसलेल्या दिवसांतच सैनिक तयार होतो. वणव्याचं गणित आपण उलटं ठेवलंय. जाळ दिसला की माणूस शोधायचा, तोही हंगामी, रोजंदारीवर. डोंगर खरा वाचतो तो डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळायला लागलं की जाळरेषा काढल्या तर. रस्त्याच्या कडेनं, धारेवरून, रानाच्या हद्दीनं गवताचा पट्टा कापायचा नाहीतर देखरेखीखाली जाळून टाकायचा, म्हणजे पुढं आलेल्या जाळाला खायला काही मिळत नाही. कंटाळवाणं काम आहे. त्याचे व्हिडिओ होत नाहीत. मजुरांचा रोज वेळेत निघाला नाही की ते काम रेंगाळतं, आणि फेब्रुवारीत एखाद्याच्या बिडीची ठिणगी किंवा "जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं" ही पिढ्यानपिढ्यांची समजूत उरलेलं काम करते. हो, डोंगर बहुतेक वेळा आपल्यातलाच कुणीतरी लावतो. त्याच्याविरुद्ध कुठली फौज आणणार?

एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच गोंदियात, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर जळून गेले. जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळ बिनसर अभयारण्यात वनखात्याची चार माणसं जागीच गेली. तिथं हवाई दलाचं हेलिकॉप्टर त्यानंतर आलं.

फौजेनं आग विझवूच नये असं काही नाही. पॅरिसचं अग्निशमन दल नेपोलियनच्या काळापासून, १८११ पासून, लष्कराचंच आहे. फ्रान्समधल्याच मार्सेमध्ये ते काम नौदलाकडं आहे. स्पेनमध्ये २००५ च्या उन्हाळ्यात एका वणव्यात अकरा जण गेले आणि त्याच वर्षी सरकारनं लष्करात आपत्तीसाठी वेगळं दल काढलं, सुमारे साडेतीन हजारांचं. त्यांचं काम वर्षभर तेच. ऑस्ट्रेलियानं जानेवारी २०२० मध्ये तीन हजार राखीव सैनिक बोलावले, पण त्यांनी बरंचसं केलं ते रस्ते मोकळे करणं, सामान पोचवणं, मेलेली जनावरं पुरणं. जाळाशी तिथले सराव असलेले लोक भिडले. म्हणजे एकतर सैनिकाला नीट आगीचा माणूस बनवा, नाहीतर त्याला त्याचं येतं ते काम द्या. आपल्याकडं तिसराच रस्ता आहे. अडलं की बोलवा. मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर पादचारी पूल बांधायलाही आपण लष्कराला बोलावलं होतं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी तो बांधून दिला. कौतुक झालं. रेल्वेला तो आधी का जमला नाही, हे विचारायचं त्या कौतुकात राहून गेलं. आणि हे फुकटही नसतं. पूर आणि दरडींच्या वेळी केलेल्या हवाई मदतीचे १३२ कोटी ६२ लाख रुपये द्या, असं पत्र केंद्रानं २०२४ च्या शेवटी केरळला धाडलं तेव्हा बराच गदारोळ झाला. हिशेब एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, पण कुणीतरी तो लिहितंच.

आबांना मी यवतेश्वरचा सगळा प्रकार सांगितला. मला वाटलं, पोरांचं कौतुक करतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "खाली उतरल्यावर गिनती कुणी केली?"

मी गप्प. कुणीच केली नव्हती. वर किती गेली हेच माहीत नव्हतं, तर खाली किती आली हे कोण मोजणार? सर शिट्टी मारत होते, पोरं अंधारात तुकड्या-तुकड्यांनी उतरत होती, कुणी टपरीवर, कुणी परस्पर होस्टेलवर. आबा म्हणाले, "फायरिंग रेंजवर उन्हाळ्यात गवत हमखास पेटायचं. ट्रेसर, म्हणजे जळत जाणारी गोळी, पडला की लागलीच. आम्हीपण असंच डहाळीनं दाबायचो, त्यात काय मोठं? पण फायर पार्टी आदल्या दिवशी ठरलेली असायची. कोण जाणार, पाणी कुणाकडं, मागं कोण बघणार. आणि परत आल्यावर फॉलिन, म्हणजे रांगेत उभं राहायचं, आणि गिनती. एक कमी भरला तर कंपनी जेवायला बसत न्हाई." मग थोडं थांबून, "हेलिकॉप्टर हेलिकॉप्टर काय लावलंय. फौजेकडनं घ्यायचं तर हे घ्या की. ह्याला पैसं लागत न्हाईत."

पैसे लागतात, आबा. ज्याला मोजायचं त्याचं नाव कुठल्यातरी रजिस्टरवर असावं लागतं, नाव आलं की विमा आला, बूट आले, रोज आला, आणि काही झालं तर कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. फुकटात आलेल्या माणसाला म्हणूनच कुणी मोजत नाही. हे मी त्यांना बोलले नाही, कारण त्यांनी तोवर टीव्ही लावला होता.

ह्याच विचारात इको बटालियनचं वाचत बसले. प्रादेशिक सेनेची १२७ वी पर्यावरण बटालियन १९८२ मध्ये गढवालात उभी राहिली. त्यात घेतात ते मुख्यतः माजी सैनिक, आणि खाणींनी उघडे पडलेले मसुरीचे डोंगर त्यांनी पुन्हा हिरवे केले. मराठवाड्यासाठीही महार रेजिमेंटची अशी बटालियन निघाली. मग सातारा-सांगलीच्या डोंगरांना का नको? इथं तर गल्लीगल्लीत माजी सैनिक आहेत, पन्नाशीच्या आत निवृत्त झालेले, अजून पहाटे चारला उठणारे. त्यातले कितीतरी पुण्याच्या सोसायट्यांच्या गेटवर वहीत गाड्यांचे नंबर लिहीत बसलेत. आबांच्या मित्रमंडळात विषय काढला तर एक काका म्हणाले, "अगं, जन्मभर डोंगरच चढलो. आता बसून पगार मिळतोय तर मिळू दे की." दुसरे म्हणाले, वर्दी देणार असतील तर उद्या येतो. दोघांचंही मला पटलं.

आणि आता अग्निवीर परतायला लागतील. चार वर्षं झाली की शंभरातले पंचवीस कायम, बाकीचे घरी, हातात सेवानिधीचे अकरा-बारा लाख आणि वय पंचविशीच्या आसपास. माझा भाचा, सांगलीवाडीच्या बहिणीचा थोरला, त्यातलाच एक आहे. २०१९ मध्ये त्याच बोटीतून आजीच्या मांडीला टेकून बाहेर आलेला. जवान व्हायचं त्यानं तिथंच ठरवलं, असं बहीण सांगते. तो मात्र सांगतो की मित्रानं फॉर्म भरला म्हणून मीही भरला. परवा त्याचा फोन आला होता. कायम होईल का नाही, कुणाला सांगता येत नाही. मी मोठ्या उत्साहानं माझी कल्पना त्याच्या गळ्यात मारली. डोंगरांसाठी एक पथक काढायचं, थंडीत जाळरेषा, उन्हाळ्यात वणवा, पावसाळ्यात तुमच्याकडचा पूर, तुमच्यासारखी शिकून आलेली पोरं घ्यायची, गावाजवळ नोकरी, आईला पण बरं. तो शांतपणे ऐकत होता. मागं कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. मग विचारलं, "पगार किती असंल, मावशी?"

म्हटलं, ते अजून काही नाही रे, मी आपलं सुचवत्येय.

"पेन्शन?"

म्हटलं, आधी निघू तर दे.

"कायमचं असंल तर फॉर्म भरतो," तो म्हणाला. "हंगामी असंल तर नको. हंगामी आता करून झालं."